ओपनसीएमएसपुढे अपाची: रीस्टार्ट करूनही परत येणारे ५०२ आणि ५०३

"सर, साइट परत गेली."

परीक्षांच्या दिवसांत हा फोन मला आठवड्यातून दोन-तीनदा यायचा. एका शिक्षणसंस्थेच्या साइटची देखभाल माझ्याकडे होती, आणि फोन करणाऱ्या मॅडम तिथल्या सूचना, वेळापत्रकं, निकालाच्या पीडीएफ साइटवर चढवायच्या. मी लॉगिन करायचो, टॉमकॅट (मागे साइट चालवणारा जावा सर्व्हर) रीस्टार्ट करायचो, चार-पाच मिनिटांत साइट उभी राहायची. पुढचे दोन दिवस शांततेत जायचे आणि मग पुन्हा तोच फोन. दीड महिना हे चाललं. त्या दीड महिन्यात मी एकदाही नीट विचारलं नाही की "गेली" म्हणजे समोर नक्की काय दिसतंय.

विचारलं तेव्हा कळलं, मॅडम तीन वेगवेगळ्या गोष्टींना "साइट गेली" म्हणत होत्या. कधी पान लटकायचं आणि शेवटी ५०३, म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही असा त्रुटी-क्रमांक, यायचा. कधी लेख जतन करताना ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालं नाही असा क्रमांक, यायचा आणि लिहिलेलं सगळं जायचं. कधी लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान समोर यायचं. मी तिन्हींवर एकच औषध देत होतो. दुखणं हेल्याला आणि डाग पखालीला, असं आपल्याकडे म्हणतात, ते अक्षरशः तसंच चाललं होतं.

रचना अगदी नेहमीची होती. एकच लिनक्स मशीन. पुढे अपाची २.४ हा वेबसर्व्हर, ४४३ पोर्टवर, एचटीटीपीएससाठीचं टीएलएस प्रमाणपत्र त्याच्याकडे. मागे टॉमकॅट ९, ८०८० पोर्टवर, आणि त्यात ओपनसीएमएस. मध्ये मॉड प्रॉक्सी, म्हणजे आलेली विनंती मागच्या सर्व्हरकडे पाठवणारा अपाचीचा भाग. ओपनसीएमएस ही जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या अल्काकॉन कंपनीने सांभाळलेली, जावात लिहिलेली, साइटचा मजकूर सांभाळणारी मुक्तस्रोत प्रणाली आहे. तुमच्याकडे लाइफरे, मॅग्नोलिया किंवा अल्फ्रेस्को असेल तरी पुढचं बरंचसं लागू पडेल, कारण गडबड प्रणालीच्या आत नसते. किती वेळ थांबायचं आणि वाचकाने कोणता पत्ता मागितला होता, या दोन बाबतींत पुढच्या आणि मागच्या सर्व्हरच्या समजुती जुळत नसतात, आणि तिथेच सगळं बिनसतं.

रीस्टार्ट करण्याआधीची दोन मिनिटं

माझी एक कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी साइट अडकली की लगेच रीस्टार्ट करू नका. कोणता थ्रेड (एका वेळी एक विनंती हाताळणारा धागा) कुठे अडकला होता, कोणती कनेक्शनं उघडी होती, हा सगळा पुरावा रीस्टार्टबरोबर पुसला जातो. फोनवर वरिष्ठ असतात, मागे विद्यार्थी खोळंबलेले असतात, हे मला माहीत आहे. तरीही दोन मिनिटं घ्या.

आधी त्याच मशीनवरून कर्लने (कमांड देऊन पान मागवणाऱ्या साधनाने) थेट ८०८० ला विचारा, आणि होस्ट हेडरमध्ये, म्हणजे विनंतीतल्या साइटच्या नावाच्या ओळीत, साइटचं खरं नाव घाला. इथून उत्तर झटकन आलं तर टॉमकॅट ठणठणीत आहे, गडबड पुढे आहे. इथेही लटकलं तर मागे बघायचं. या एका कृतीने अर्धा शोध संपतो.

मग जावासोबत येणाऱ्या जेस्टॅकने थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतोय त्याची यादी, घ्या, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन वेळा. एकच डंप घेतला तर तो थ्रेड तिथे अडकलाय की नुसता जाता जाता दिसला, हे कळत नाही. जेस्टॅक हाताशी नसेल तर टॉमकॅटच्या प्रक्रियेला किल -३ पाठवा. नाव भीतीदायक असलं तरी प्रक्रिया मरत नाही, ती फक्त कॅटलिना डॉट आउटमध्ये डंप लिहिते. आणि अपाचीच्या एरर लॉगच्या शेवटच्या शंभर-दोनशे ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा.

शक्य असेल तर आजच दोन्हीकडच्या ॲक्सेस लॉगमध्ये विनंतीला लागलेला वेळही नोंदवायला लावा. दोन्हीकडे त्यासाठी टक्केचिन्ह आणि कॅपिटल डी हीच खूण आहे. पण एकक वेगळं: अपाची मायक्रोसेकंद लिहितो, टॉमकॅट ९ मिलिसेकंद. मी पहिल्या दिवशी हे विसरलो आणि अपाचीच टॉमकॅटपेक्षा हजारपट संथ आहे असा निष्कर्ष काढून बसलो होतो. त्यात एक संध्याकाळ गेली.

असे दोन्ही लॉग शेजारी शेजारी ठेवून मी घटनांच्या वेळा कागदावर मांडल्या आणि चित्र उघड झालं. लटकणारं पान गर्दीच्या वेळी येत होतं. ५०२ उलट शांत वेळी येत होता: दुपारी तीनच्या सुमारास, रविवारी सकाळी. आणि ५०३ चा एक वेगळा गुच्छ होता, तो नेमका मी रीस्टार्ट केल्यानंतरचा.

रीस्टार्टनंतरचा ५०३: साठ सेकंदांची शिक्षा

हा सगळ्यात सोपा, म्हणून आधी. मागचा सर्व्हर एकदा जोडला गेला नाही की अपाची त्याला बिघडलेला समजतो आणि काही काळ त्याच्याकडे एकही विनंती पाठवत नाही. हा काळ अपाचीच्या मांडणीतल्या प्रॉक्सीपासच्या ओळीतला (कोणता पत्ता मागे कुठे पाठवायचा ते सांगणारी ओळ) रिट्राय ठरवतो, आणि काही लिहिलं नसेल तर तो ६० सेकंद असतो. एरर लॉगमध्ये आधी एएच००९५७ क्रमांकाची जोडणी फसल्याची ओळ दिसते, तिच्यामागून एएच००९५९: वर्कर, म्हणजे मागचा सर्व्हर, ६० सेकंदांसाठी बंद केला. टॉमकॅट मधल्या काळात उठून तयार झाला तरी वाचकाला साठ सेकंद पूर्ण होईपर्यंत ५०३ च दिसतो.

मागे दोन-तीन टॉमकॅट असतील तर ही वागणूक शहाणपणाची आहे, कारण वाचकाला तेवढ्यात दुसरीकडे वळवता येतं. मागे एकच टॉमकॅट असेल तर तिचा काही उपयोग नाही. तिथे रिट्राय ० करा.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोड्या ठिकाणी सांगितलेली आढळते. टॉमकॅट सुरू होताना ८०८० पोर्ट अगदी सुरुवातीलाच ताब्यात घेतो, पण ओपनसीएमएस पूर्ण उभं राहीपर्यंत कोणाला उत्तर देत नाही. म्हणजे त्या मिनिट-दोन मिनिटांत आलेल्या विनंत्यांना नकार मिळत नाही. दार उघडं दिसतं, आत कोणी नसतं. त्या ताटकळत बसतात, आणि प्रत्येकीबरोबर अपाचीचा एक थ्रेड अडकतो. गर्दी असेल तर टॉमकॅट तयार होईपर्यंत अपाचीच भरून जातो. टॉमकॅटच्या कनेक्टरवर (विनंत्या स्वीकारणाऱ्या भागावर) बाइंडऑनइनिट फॉल्स केलं की पोर्ट शेवटी उघडतो आणि तोवर अपाचीला लगेच स्पष्ट नकार मिळतो. मग तुम्ही ५०३ साठी "पाच मिनिटांत परत या" असं साधं मराठी पान लावून ठेवू शकता. विद्यार्थ्याला पांढऱ्या पडद्यापेक्षा ते शतपटीने बरं वाटतं.

शांत वेळी येणारा ५०२

हा मला सगळ्यात जास्त छळणारा, आणि मॅडमचं सगळ्यात जास्त नुकसान करणारा. पाऊण तास खपून लिहिलेली सूचना, जतनचं बटण, आणि ५०२. त्या एकदा म्हणाल्या, "आता मी आधी वहीत लिहिते आणि मग टाइप करते." मला ते फार लागलं. संगणकावर काम करणाऱ्या माणसाला वहीत लिहून ठेवावं लागतं, म्हणजे आमचं काम फसलंय.

कारण असं. प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडायला लागू नये म्हणून अपाची टॉमकॅटशी असलेली कनेक्शनं उघडी ठेवतो आणि पुन्हा वापरतो. टॉमकॅट मात्र रिकामं पडलेलं कनेक्शन ठरावीक वेळाने बंद करतो. त्याच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल या मांडणीच्या फाइलमध्ये कनेक्शनटाइमआउट २०००० मिलिसेकंद लिहून येतो, आणि कीपअलाइव्हटाइमआउट वेगळा दिला नसेल तर तोही तितकाच, म्हणजे २० सेकंद. आता समजा एक कनेक्शन एकोणीस-वीस सेकंद रिकामं आहे. टॉमकॅट ते बंद करायला निघालाय आणि नेमक्या त्याच क्षणी अपाची त्यावर नवी विनंती पाठवतो. विनंती बंद होणाऱ्या दारावर आपटते. अपाचीच्या लॉगमध्ये एएच०११०२ उमटतं: दूरच्या सर्व्हरकडून स्थितीची ओळ वाचता आली नाही.

गर्दीत हे जवळजवळ होत नाही, कारण कनेक्शन वीस सेकंद रिकामं राहतच नाही. शांत वेळी होतं. त्यामुळेच साइटवर भार नसताना ती कशी पडते, हे कोडं कित्येक दिवस सुटत नाही. नुसतं पान वाचणाऱ्याला बहुतेकदा याचा पत्ताही लागत नाही, कारण ब्राउझर ती विनंती गुपचूप पुन्हा पाठवतो. जतन करणारी पोस्ट विनंती मात्र अशी सहज पुन्हा पाठवली जात नाही, कारण ती दोनदा पोचली तर नोंद दोनदा व्हायची. म्हणून झळ फक्त संपादकाला बसते आणि बाकीचे म्हणतात, "आमच्याकडे तर साइट चालू आहे."

उपाय एका तत्त्वात मावतो: रिकामं कनेक्शन आधी अपाचीने सोडावं, टॉमकॅटने नंतर. प्रॉक्सीपासच्या ओळीत टीटीएल नावाचा गुण आहे. तितके सेकंद रिकामं राहिलेलं कनेक्शन अपाची पुन्हा वापरत नाही. मी टॉमकॅटकडे कीपअलाइव्हटाइमआउट ७५००० मिलिसेकंद केला आणि अपाचीकडे टीटीएल ६० सेकंद. मध्ये पंधरा सेकंदांची मोकळी जागा. टॉमकॅटला हात लावायचा नसेल तर नुसता टीटीएल १५ ठेवला तरी चालेल. एकक इथेही वेगळं आहे, टॉमकॅट मिलिसेकंदांत मोजतो आणि अपाची सेकंदांत. ७५ लिहून तीन शून्यं विसरलात तर कनेक्शन सेकंदाच्या तेराव्या-चौदाव्या भागात बंद होईल आणि दुखणं दहापट वाढेल.

प्रॉक्सी-इनिशियल-नॉट-पूल्ड नावाचा पर्यायही सापडेल. ब्राउझरने नव्याने उघडलेल्या कनेक्शनवरच्या पहिल्या विनंतीसाठी तो जुनं कनेक्शन वापरत नाही. त्याने त्रास कमी होतो, पण पुनर्वापराचा फायदाही बराचसा जातो. मी टीटीएलच निवडेन.

हा बदल केल्यावर एएच०११०२ त्या साइटवर मला पुन्हा दिसलं नाही.

गर्दीत लटकणारं पान

निकालाच्या दिवशीचा थ्रेड डंप उघडला तेव्हा जवळजवळ सगळे थ्रेड दोनच ठिकाणी उभे होते: काही डेटाबेसचं कनेक्शन मिळायची वाट बघत, आणि बरेच जण वाचकाकडे बाइट लिहीत. टॉमकॅटच्या कनेक्टरला काही सांगितलं नसेल तर २०० थ्रेड असतात, त्यापुढच्या विनंत्या थ्रेड मोकळा होण्याची वाट बघत थांबतात.

ओपनसीएमएस आपल्या फाइली डिस्कवर ठेवत नाही. त्याची आभासी फाइलव्यवस्था डेटाबेसमध्ये असते. म्हणजे निकालाची चार-पाच एमबीची पीडीएफ प्रत्येक वेळी डेटाबेसमधून निघते, टॉमकॅटच्या थ्रेडमधून जाते, अपाचीतून बाहेर पडते. अपाचीचा प्रॉक्सी ती सगळी फाइल आधी ओढून घेऊन टॉमकॅटला मोकळा करत नाही, थोडी थोडी पुढे सरकवतो. गावाकडे अशक्त नेटवर्कवर मोबाइल घेऊन बसलेला विद्यार्थी ती पीडीएफ तीन मिनिटं उतरवत असेल, तर तीन मिनिटं टॉमकॅटचा एक थ्रेड त्याच्यासाठी अडकून राहतो. असे दोनशे विद्यार्थी झाले की मुख्य पानसुद्धा कोणाला मिळत नाही.

थ्रेड ४०० करा असा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. मीही आधी तेच केलं होतं. त्याने वेळ फक्त पुढे ढकलली जाते, आणि डेटाबेसच्या कनेक्शनांचा साठा, म्हणजे पूल, तेवढाच असेल तर त्याच्या दारातली रांग आणखी लांबते. अपाचीच्या प्रक्रिया आणि टॉमकॅटचे थ्रेड यांचा आकडा तंतोतंत जुळवा, हा सल्ला त्याहून जुना. टॉमकॅटच्या पूर्वीच्या कनेक्टरमध्ये प्रत्येक उघड्या कनेक्शनमागे एक थ्रेड बांधलेला असायचा, तेव्हा तो बरोबर होता. ८.५ पासून तो कनेक्टरच राहिलेला नाही.

खरा इलाज म्हणजे पीडीएफ टॉमकॅटपर्यंत जाऊच न देणं. ओपनसीएमएसमध्ये स्टॅटिक एक्सपोर्टची सोय आहे. ती चालू करून निकालांच्या फोल्डरला एक्सपोर्ट हा गुणधर्म ट्रू दिला की फाइल पहिल्यांदा मागितली जाते तेव्हा तिची प्रत डिस्कवर लिहिली जाते. मग अपाचीला सांगायचं: या मार्गावरची फाइल डिस्कवर असेल तर तूच दे, नसेल तरच मागे पाठव. हे मॉड रीराइट या पत्ते बदलणाऱ्या अपाचीच्या भागातल्या फाइल-आहे-का या अटीने होतं. अख्खा मार्ग प्रॉक्सीतून वगळू नका, नाहीतर अजून एक्सपोर्ट न झालेली नवी फाइल ४०४ देईल आणि निकालाच्या सकाळी नेमकी तीच फाइल नवी असते. पुढच्या निकालाला थ्रेड पुन्हा २०० वर आणलेले होते आणि तेवढे पुरले.

पुढे अपाचीऐवजी एनजिनएक्स हा वेबसर्व्हर असेल तर हा त्रास मुळात कमी होतो, कारण तो मागचं उत्तर स्वतःकडे साठवून टॉमकॅटला लवकर सोडतो. शिवाय मागे एकच सर्व्हर असेल तर त्याला तो बंद समजत नाही, त्यामुळे साठ सेकंदांची शिक्षाही नाही. पण मागचा पत्ता लोकलहोस्ट असा नावाने देऊ नका, १२७.०.०.१ लिहा. लोकलहोस्टचे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन पत्ते निघाले की एनजिनएक्स त्यांना दोन सर्व्हर समजतो. आणि त्याची विनंतीच्या आकाराची मर्यादा मुळात १ एमबी असते. मोठी पीडीएफ चढवताना ४१३ आला तर ओपनसीएमएसमध्ये शोधत बसू नका, ती मर्यादा वाढवा.

लॉगिनचं चक्र

या साइटवर आधी एजेपी होतं, म्हणजे अपाची आणि टॉमकॅट यांच्यातला ८००९ पोर्टवरचा बायनरी प्रोटोकॉल. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाचा दोष जाहीर झाला, क्रमांक सीव्हीई-२०२०-१९३८. एजेपीचा पोर्ट बाहेरून गाठता आला तर वेब-इन्फ या ॲपच्या आतल्या, बाहेर न दिसणाऱ्या फोल्डरातल्या फाइली वाचता येत होत्या. ओपनसीएमएसवाल्यांनी तर हे फारच गांभीर्याने घ्यायला हवं, कारण डेटाबेसचा पासवर्ड असलेली ओपनसीएमएस डॉट प्रॉपर्टीज फाइल तिथेच, कॉन्फिग फोल्डरमध्ये असते.

त्यानंतर टॉमकॅट ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ पासून एजेपीचा कनेक्टर मुळात बंद येतो. चालू केला तर फक्त त्याच मशीनवरून ऐकतो आणि सीक्रेट (दोन्हीकडे सारखा लिहायचा गुप्त शब्द) मागतो. सीक्रेट दिलं नाही तर कनेक्टर सुरूच होत नाही आणि वाचकाला ५०३ दिसतो. दोन्हीकडची सीक्रेट जुळली नाहीत तर ४०३. मॉड प्रॉक्सी एजेपीला सीक्रेट देता येतं ते अपाची २.४.४२ पासून, मॉड जेके या एजेपीसाठीच्या दुसऱ्या जोडभागाला आधीपासून. साध्या टॉमकॅट अपडेटनंतर अचानक ४०३ किंवा ५०३ सुरू झाला असेल तर आधी इथे बघा. सीक्रेटरिक्वायर्ड फॉल्स करून मोकळं होऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो.

या साइटवर माझ्याआधी कोणीतरी एजेपी काढून साधा एचटीटीपी प्रॉक्सी लावला होता. निर्णय योग्यच, नव्या उभारणीत मीही तेच करतो. पण एजेपी एक काम न सांगता करत होता. वाचक कोणत्या नावाने आला, एचटीटीपीएसने आला का, त्याचा आयपी काय, हे सगळं तो टॉमकॅटला पोचवायचा. एचटीटीपी प्रॉक्सीत ते हाताने पोचवावं लागतं, नाहीतर टॉमकॅटच्या समजुतीने प्रत्येक वाचक १२७.०.०.१ वरून, साध्या एचटीटीपीने, ८०८० पोर्टवर आलेला असतो.

ओपनसीएमएसला हे फार लागतं, कारण कोणती साइट दाखवायची हे तो विनंतीतला प्रोटोकॉल, नाव आणि पोर्ट पाहून ठरवतो. ओपनसीएमएस-सिस्टम डॉट एक्सएमएलमध्ये साइट्सची यादी असते. त्यातलं काहीच जुळलं नाही तर ठरलेली मुख्य साइट दाखवली जाते. म्हणूनच वर कर्लमध्ये होस्ट हेडर घालायला सांगितलं. संपादकांच्या वर्कप्लेसचं नावही त्याच फाइलमध्ये नोंदलेलं असतं.

म्हणून अपाचीत प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ऑन करा, म्हणजे वाचकाने मागितलेलं नाव तसंच मागे पोचेल. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर एचटीटीपीएस असं लावून पाठवा. टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये रिमोटआयपीव्हॉल्व्ह (ही हेडर वाचून खरा आयपी आणि प्रोटोकॉल लावणारा भाग) लावा आणि त्याला प्रोटोकॉल हेडरचं नाव सांगा. ॲक्सेस लॉगच्या व्हॉल्व्हमध्ये रिक्वेस्टॲट्रिब्यूट्सएनेबल्ड ट्रू केलं की लॉगमध्येही खरा आयपी येतो. एवढं नीट असेल तर प्रॉक्सीपासरिव्हर्सला फारसं काम उरत नाही. ते तसंही फक्त लोकेशनसारखी मोजकी हेडर दुरुस्त करतं, पानाच्या आतले दुवे नाही.

हे केल्यावरही मॅडमचं लॉगिन अधूनमधून फिरतच राहिलं. शेवटी मी त्यांना पत्त्याच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगितला. कधी त्या पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह टाइप करायच्या, कधी त्याशिवाय. वर्कप्लेसचं नोंदलेलं नाव एक, ब्राउझरमधलं दुसरं. सेशनची कुकी ज्या नावाला दिली त्याच नावाला परत जाते, त्यामुळे दुसऱ्या नावावर त्या पुन्हा अनोळखी ठरत होत्या. अपाचीत वेगळा व्हर्च्युअल होस्ट करून एक नाव दुसऱ्यावर कायमचं वळवलं. ओपनसीएमएसला आता एकच नाव दिसतं.

कुकीचा आणखी एक सापळा आहे. ओपनसीएमएस मुळात ओपनसीएमएस याच नावाच्या फोल्डरात बसतं आणि विनंत्या हाताळणाऱ्या त्याच्या जावा भागाचं, सर्व्हलेटचं, नावही तेच, म्हणून पत्त्यात तो शब्द दोनदा येतो. पत्ता सुंदर दिसावा म्हणून अपाचीत ते दोन शब्द खोडले, तर सेशन कुकीचा मार्ग मात्र जुनाच राहतो आणि ब्राउझर ती परत पाठवत नाही. प्रॉक्सीपासरिव्हर्सकुकीपाथने ते सावरता येतं. पण अनुभवाने सांगतो, ॲप रूट म्हणून, म्हणजे पत्त्यात फोल्डरचं नाव न येता, बसवा आणि ओपनसीएमएस-इम्पोर्टएक्सपोर्ट डॉट एक्सएमएलमधला दुव्यांचा उपसर्ग त्याप्रमाणे बदला. पुढचा आणि मागचा मार्ग जितका सारखा, तितका रात्रीचा फोन कमी.

मराठी फाइलनावं

आपल्या साइट्सवर हे हमखास भेटतं, म्हणून वेगळं लिहितो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पत्त्यात टक्केचिन्हांसह नऊ अक्षरं होतं. "माहिती" एवढा शब्द पत्त्यात ५४ अक्षरांचा होतो. टॉमकॅट ९ मध्ये विनंतीची ओळ आणि सगळी हेडर मिळून मर्यादा मुळात ८ केबीची असते. लांबलचक मराठी शीर्षकाची फाइल, तिच्याकडे नेणारं शोधाचं पान, म्हणजे रेफररमध्येही तितकाच लांब मराठी पत्ता, आणि वर कुकीज, असं सगळं जमलं की ४०० येतो, तोही काही वाचकांनाच. मॅक्सएचटीटीपीहेडरसाइझ १६३८४ करा. एजेपी वापरत असाल तर सगळी हेडर एकाच पाकिटात मावावी लागतात, तेव्हा टॉमकॅटचा पॅकेटसाइझ आणि अपाचीचा प्रॉक्सीआयओबफरसाइझ दोन्ही एकसारखे वाढवा, कमाल ६५५३६.

पत्त्यात टक्केचिन्हानंतर २५ दिसू लागलं, तर समजा की कुठल्यातरी वळणावर पत्त्याचं दोनदा रूपांतर झालंय. संशयित बहुधा मॉड रीराइटची ओळ असते. साधं वळवणं रीडायरेक्टच्या एका ओळीत होत असेल तर रीराइट वापरू नका. टॉमकॅट ७ किंवा त्याहून जुना अजून कुठे चालू असेल तर यूआरआयएन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट लिहावं लागतं, ८ पासून ते मुळातच तसं आहे.

मशीन रीबूट झाल्यावरच

रेड हॅट कुळातल्या लिनक्सवर अपाचीला मागे जोडायची परवानगी एसई-लिनक्स ही सुरक्षाव्यवस्था मुळात देत नाही. लॉगमध्ये १३ क्रमांकाची परवानगी नाकारल्याची नोंद येते. सेटएसईबूलने एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट चालू केलं की सुटतं, पण सोबत कॅपिटल पी ची खूण दिली नाही तर ते पुढच्या रीबूटपर्यंतच टिकतं. सहा महिन्यांनी मशीन रीबूट होतं, साइट पडते, आणि तोवर कोणाला काही आठवत नाही. रीबूटनंतरच पडणाऱ्या साइटचं पहिलं कारण मी हेच तपासतो.

त्याच्या बरोबरीने दुसरं कारण टॉमकॅटचं अपडेट. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात उलगडली जाते, तिच्यासोबत कोरी सर्व्हर डॉट एक्सएमएल येते आणि वरचे सगळे बदल, कीपअलाइव्हटाइमआउट, बाइंडऑनइनिट, रिमोटआयपीव्हॉल्व्ह, हेडरची मर्यादा, एका फटक्यात जातात. पहिल्याच तासात काही मोडत नाही, कारण ५०२ यायला शांत दुपार लागते आणि ४०० यायला लांब नावाची फाइल. आता मी ती फाइल गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवतो आणि प्रत्येक अपडेटनंतर जुनी-नवी डिफ लावून बघतो. अपाचीच्या व्हर्च्युअल होस्टची फाइलही तिच्याच शेजारी, एकाच रिपॉझिटरीत, कारण ७५००० आणि ६० हे दोन आकडे एकत्र वाचले तरच त्यांना अर्थ आहे. दोन्ही फाइलींत त्या आकड्यांच्या वर मराठीत एक ओळ लिहिलेली आहे: हा आकडा बदलण्याआधी दुसऱ्या फाइलमधला बघा.